ताटातील प्रमाण

गेल्या वैशाखात येथे कुहीस एका स्नेह्यांच्या घरी मुंजीच्या पंगतीस बसण्याचा योग आला. आमच्या ओळीत साठी ओलांडलेली नऊ मंडळी होती. वाढपी जिलबीचे ताट घेऊन आला, तेव्हा नवांपैकी सहा जणांनी पानावर हात आडवा धरला आणि "आम्हाला शुगर आहे हो" असे किंचित अभिमानाने सांगितले. जिलबी पुढे गेली. मागाहून भात आला. तो त्या सहाही जणांनी वरणाबरोबर एकदा, मसालेभात म्हणून एकदा आणि ताकाबरोबर पुन्हा एकदा, असा तीन वेळा घेतला. पथ्य पाळल्याचे समाधान सर्वांच्या मुद्रेवर विलसत होते. त्या सहांत आम्हीही होतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर म्हातारा मास्तर दुसऱ्यास उपदेश करावयास बसला आहे, असे वाचकांस वाटावयाचे.

रोगाचे नाव मधुमेह, त्याची खूण साखर. तेव्हा साखर सोडली की रोग सुटला, असा एक समज आपल्या घरोघरी दृढ झाला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतील पिष्टमय भागाची, ज्यास आजचे शास्त्र कर्बोदके म्हणते त्याची, पोटात गेल्यावर शेवटी शर्कराच होते व ती रक्तात उतरते. चहातील एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम कर्बोदके. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे सुमारे २० ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, आणि साबुदाण्यात तर त्याहूनही अधिक. चहा बिनसाखरेचा घेऊन तीनदा भात घेणाऱ्या आमच्यासारख्यांचे पथ्य म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!

आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही-दूध, गुळाचे पदार्थ यांच्या जोडीने नव्या धान्याचाही उल्लेख केला आहे, आणि रोग्याच्या आहारात यवास, म्हणजे जवास, मानाचे स्थान दिले आहे. आमचा कुही तालुका धानाचा. नवा तांदूळ घरात आला की त्याचा मऊ भात खाण्यासारखे सुख नाही असे मानणारे आम्ही लोक! चरकाचार्यांची दृष्टी नेमकी आमच्याच ताटावर पडली होती की काय, अशी शंका येते. सुश्रुताचार्यांनी तर प्रमेहाचे जन्मतः येणारा आणि अपथ्याने जडणारा असे दोन प्रकार वेगळे सांगितले, आणि रोग्यास मैलोगणती चालावयास लावले. तथापि यावरून सर्व आधुनिक ज्ञान आमच्या ग्रंथांत होतेच, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. त्या आचार्यांना रक्तातील शर्करा मोजता येत नव्हती. मोजता न आल्यामुळे काय राहून जाते आणि मोजता आल्याने काय साधते, हेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

या विषयाचा एक धागा आमच्या नागपूर जिल्ह्यातूनच निघतो. काटोलजवळच्या आजनगावी १९५४ साली जन्मलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांचे नाव वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. वैद्यकातील एम.डी., संस्कृतातील डी.लिट., पोलीस सेवा व प्रशासकीय सेवा या दोन्ही परीक्षांत यश, १९८० साली वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आत विधानसभेचे सदस्यत्व. अशा विद्वत्तेचा हा पुरुष २००४ साली कोंढाळीजवळ मोटारीच्या अपघातात अकाली गेला. त्यांनी आहारावर एक व्याख्यान दिले होते. आपण जितक्या वेळा खातो तितक्या वेळा शरीरात इन्सुलिन स्रवते. तेव्हा खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात, असे त्याचे सार. त्यांच्या पश्चात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ते व्याख्यान ऐकले, त्याचा प्रयोग प्रथम स्वतःच्या देहावर केला, तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलेले पाहिले, आणि मगच दोन वेळा जेवण व रोजचे चालणे यांचा प्रचार महाराष्ट्रभर आरंभिला. या पद्धतीत केव्हा खावे यावर भर आहे. काय व किती खावे यावर तितका नाही. पण आधी स्वतःवर पाहिले व मग दुसऱ्यास सांगितले, ही त्यातील गोष्ट आम्हास मोलाची वाटते.

याच वृत्तीचा, परंतु स्वतः मधुमेही असलेला, एक पुरुष अमेरिकेत होऊन गेला. डॉ. रिचर्ड बर्नस्टाईन हे त्याचे नाव. जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, १९३४ साली. १९४६ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला. या प्रकारात शरीराचे स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बंद पडते, व सुईने इन्सुलिन घेतल्यावाचून मनुष्य जगत नाही. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलास टोचले गेले. त्यापूर्वी पिष्टमय अन्न तोडणे हाच वैद्यांपाशी उपाय होता. जॉन रोलो नावाच्या लष्करी वैद्याने १७९७ सालीच असा आहार देऊन आपला अनुभव प्रसिद्ध केला होता. इन्सुलिन आल्यावर हा जुना विचार मागे पडत गेला. बर्नस्टाईन मोठा होत होता त्या काळी मधुमेह्यास भरपूर कर्बोदके व थोडी चरबी द्यावी, आणि इन्सुलिनने ते सावरून घ्यावे, असा वैद्यांचा प्रघात पडला होता.

बर्नस्टाईनने वैद्यांची आज्ञा अक्षरशः पाळली. आज्ञाधारक विद्यार्थ्यास उत्तम गुण मिळावेत असा शाळेचा नियम; देहाचा नियम मात्र निराळा. तिशी उलटते न उलटते तोच मूत्रातून प्रथिने जाऊ लागली, म्हणजे मूत्रपिंडे खालावली. पायांच्या संवेदना मंदावल्या, खांदे आखडले, दृष्टीस विकार झाला. घरात लहान मुले होती. आपण त्यांस मोठे झालेले पाहू की नाही, हा प्रश्न त्यापुढे उभा राहिला.

व्यवसायाने तो अभियंता. १९६९ साली त्याच्या वाचनात एका यंत्राची जाहिरात आली. रात्री प्रयोगशाळा बंद असता रुग्णालयात बेशुद्ध मनुष्य आणला गेला, तर तो मद्याने बेशुद्ध आहे की मधुमेहाने, हे चटकन कळावे यासाठी ते केलेले होते. रक्ताच्या एका थेंबावरून ते शर्करेचा आकडा सांगे. वजन तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर. आणि विकत मिळावयाचे ते केवळ डॉक्टरांस व रुग्णालयांस. रोग ज्याचा त्यास मात्र स्वतःचा आकडा पाहण्याची सोय नव्हती! सुदैवाने त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावे ते यंत्र घरी आले. त्याचा लहानसा वंशज आज आपल्याकडे औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि कित्येक घरांत देवघराशेजारच्या कोनाड्यात धूळ खात पडलेला असतो, म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला.

यंत्र हाती येताच बर्नस्टाईन दिवसातून पाच-पाच वेळा रक्त तपासू लागला व प्रत्येक आकडा टिपून ठेवू लागला. अमुक खाल्ले, तर आकडा कोठे गेला? इन्सुलिन इतके घेतले, तर किती उतरला? एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावयाचा, ही अभियंत्याची रीत. काही काळाने त्यास दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. इन्सुलिन एकदम न घेता थोडे थोडे विभागून घेतले पाहिजे, ही एक. आणि कर्बोदके फार कमी केल्यावाचून आकडा कोणत्याही उपायाने स्थिर राहत नाही, ही दुसरी. त्याने दिवसाला केवळ ३० ग्रॅम कर्बोदके ठेविली: सकाळी ६, दुपारी १२, रात्री १२. आकडा निरोगी माणसासारखा राहू लागला, आणि बिघडत चाललेली प्रकृती सावरली.

याचे कारण तो ज्या रीतीने सांगे ती आम्हा शाळामास्तरांस फारच रुचली. समजा, अन्नातील कर्बोदकांचा आपला अंदाज पंचमांशाने चुकतो. शंभर ग्रॅम खाल्ले असता ती चूक वीस ग्रॅमांची; दहाच खाल्ले तर दोन ग्रॅमांची. मोठ्या घासासाठी मोठे औषध, आणि दोहोंत मोठी चूक. लहान घासासाठी लहान औषध, आणि चूकही लहान. चौथीच्या मुलास समजेल असे हे गणित आहे.

पुढे त्याने आपला अनुभव लेखरूपाने वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविला. तो नाकारला गेला. लिहिणारा डॉक्टर नव्हता ना! तेव्हा १९७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, या गृहस्थाने वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९८३ साली स्वतःचा दवाखाना उघडला. १९९७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एप्रिल २०२५ मध्ये, रोग जडल्यापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो निवर्तला. तिशीत ज्यास आपली मुले मोठी झालेली दिसतील की नाही याची भ्रांत होती, त्याची ही कथा.

आता न्यायाची बाजूही पाहिली पाहिजे. एका माणसाचा अनुभव कितीही खरा असला तरी तो सर्वांचा सिद्धांत होत नाही. रक्तातील शर्करा काटेकोर ताब्यात ठेविल्याने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे रक्षण होते, ही गोष्ट १,४४१ रोग्यांवर अनेक वर्षे केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने १९९३ साली निर्विवाद ठरविली. बर्नस्टाईनच्या म्हणण्यापैकी हा भाग खरा ठरला; परंतु तो ताबा केवळ त्याच्याच आहाराने येतो, असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. त्याच्या मार्गाने जाणाऱ्या ३१६ जणांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा त्यांचा आकडा सरासरीने ५.६७ टक्के, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाचा, आढळला. मात्र ही सर्व मंडळी स्वतः होऊन पुढे आलेली व मोठ्या निष्ठेची होती, हे विसरता येत नाही. अमेरिकन मधुमेह संघटनेने २०१९ साली कबूल केले की रक्तशर्करा सुधारण्यासाठी कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने सर्वात अधिक पुरावा आहे. २०२१ साली तेवीस प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सहा महिन्यांपर्यंत या आहाराचा लाभ ठळक दिसला, आणि वर्ष संपता संपता तो ओसरत गेल्याचे आढळले. पथ्याचे तेज कालांतराने मंदावते, हे आपणास संकल्प सोडण्याच्या अनुभवावरून ठाऊक आहेच.

आमच्या देशाचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच पाहणीतून २०२५ साली असेही पुढे आले की आपल्या अन्नातील शक्तीपैकी सुमारे ६२ टक्के शक्ती कर्बोदकांतून येते. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी हा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा व प्रथिनांचा वाटा वाढवून १९ ते २० टक्के करावा, असे त्याच मंडळींचे गणित आहे. बर्नस्टाईनचे ३० ग्रॅम आणि हे गणित यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. ३० ग्रॅम म्हणजे दिवसाला दीड पोळी, आणि मग वरणसुद्धा नाही! मांस-अंडी न खाणाऱ्या आपल्या घरांत डाळ व कडधान्य हीच प्रथिनांची खाण; आणि त्यांतही कर्बोदके असतातच. तेव्हा त्याचे अक्षर उचलण्याचा आग्रह नको. त्याची रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

मुंजीच्या पंगतीनंतर आम्ही तेच करून पाहिले. चिरंजीवांनी आणून दिलेले व कोनाड्यात पडलेले यंत्र पुसून घेतले. शाळेची एक जुनी कोरी हजेरीवही होती. तीत सूनबाईंनी रकाने आखले: काय खाल्ले, किती खाल्ले, दोन तासांनी आकडा काय. पहिला धक्का एकादशीने दिला. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, थोडे रताळे व भगर असा फराळ झाला होता. आकडा आला २४८. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आम्ही आजवर चेष्टेने म्हणत आलो; ती यंत्राने शास्त्रशुद्ध ठरविली. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी पिठले, अंबाडीची भाजी, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी आणि ज्वारीची अर्धीच भाकरी असे जेवण झाले. आकडा १५१. पोट तेवढेच भरले होते. ज्वारी आणि गहू यांत कर्बोदकांचा फरक फारसा नाही, हेही वहीने दाखविले. संपूर्ण दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी आकडा पुन्हा वर गेला. म्हणजे गुण धान्याच्या नावात नव्हता, प्रमाणात होता.

येथे एक गंभीर इशारा देणे प्राप्त आहे. आमचे एक जुने सहशिक्षक मोठे निश्चयी. कोणाकडून तरी या आहाराचे ऐकून त्यांनी एका दिवसात भात-पोळी सोडली. डॉक्टरांस विचारले नाही, आणि शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या पूर्वीइतक्याच चालू ठेविल्या. चौथ्या दिवशी पहाटे स्नानाहून येताना त्यांस दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले व ते अंगणात कोसळले. घरच्यांनी शुद्ध हरपण्याच्या आत साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. अन्न कमी केले आणि औषध तेवढेच राहिले, की आकडा धोक्याच्या खाली जातो. जे इन्सुलिन अथवा अशा गोळ्या घेतात, त्यांनी ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण बदलून घेतलेच पाहिजे. उलटपक्षी, आहार सुधारला म्हणून पहिल्या प्रकारच्या रोग्याने इन्सुलिन सोडणे म्हणजे मृत्यूस बोलावणे होय. अगदी थोडी कर्बोदके खाऊनही बर्नस्टाईनने स्वतः ते अखेरपर्यंत घेतले, हे लक्षात असावे. मूत्रपिंडे बिघडलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी तर असे प्रयोग आपल्या मनाने करूच नयेत.

शेवटी एक गोष्ट गृहिणींस व वाढणाऱ्या सर्वांस. आपल्या घरांत अन्न हे केवळ अन्न नसते. ते प्रेम असते, मान असतो. "अर्धी पोळी तरी घ्याच, माझी शपथ" या वाक्यात वाईट हेतू तिळमात्र नाही. पण त्या अर्ध्या पोळीचे दहा ग्रॅम पाहुण्याच्या रक्तात जातात, शपथ वाढणाऱ्यापाशीच राहते. एकट्या रोग्यास पथ्य पाळावयास सांगून घरातील बाकीच्यांनी त्याच्यासमोर पूर्ववत जेवावे, ही त्याची परीक्षाच होय, आणि तीत बहुतेक सारे नापास होतात. आमच्या घरी पथ्य टिकले ते आमच्या निग्रहामुळे नव्हे. सौभाग्यवतींनी पानात वाढण्याचा क्रम बदलला: आधी कोशिंबीर व भाजी, मग उसळ किंवा पिठले, आणि भात शेवटी, तोही एक लहान वाटी मोजून. नैवेद्याच्या दिवशी पुरणपोळी होतेच. तिचा चतकोर आमच्या पानात पडतो आणि त्या दिवशी भात नसतो. बर्नस्टाईनच्या घरी यंत्र आले ते पत्नीच्या नावे, आणि आमच्या घरी वही चालते ती सुनेच्या हाताने. हा योगायोग असेल. पण आम्हास तो नुसता योगायोग वाटत नाही.

संस्कृतात प्रमाण या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक मोजमाप, दुसरा ज्ञानाचे साधन. आप्तांचा उपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चार साधने चरकाचार्यांनी सांगितली. डॉक्टरांचा शब्द हा आप्तांचा उपदेश, तो शिरोधार्यच. पण त्याच्या जोडीस आपल्या बोटावरील रक्ताच्या थेंबाचे प्रत्यक्ष हवे. दोन्ही जेथे मिळतात तेथे शंका उरत नाही. आणि जेथे मिळत नाहीत, तेथे वही घेऊन डॉक्टरांकडे जावे व नम्रपणे विचारावे. परवा त्याच स्नेह्यांकडे वास्तुशांतीचे बोलावणे होते. जिलबी पुन्हा आली. आम्ही हात आडवा धरला. मागाहून भात आला, तेव्हाही धरला. शेजारच्या गृहस्थांनी आश्चर्याने विचारले, "अहो, भातात कोठे साखर असते?" आम्ही त्यांस संध्याकाळी घरी बोलावले आणि हजेरीवही दाखविली. आता त्यांच्याही घरी एक वही सुरू झाली आहे.